गोष्ट, सोंग आणि लेझीम

गेली बारा वर्षे, शनिवारची सकाळची शाळा सुटली व जेवणे आटोपली की, आपल्या शाळेतील आठवी-नववीची दहाबारा मुलेमुली बरोबर घेऊन मी ओढ्यापलीकडील वस्तीतल्या समाजमंदिरात जाते. तेथे वस्तीतील तीसचाळीस मुले आमची वाट पाहात असतात. दोन तास आम्ही त्यांच्यासह लेझीम खेळतो, गोष्टी सांगतो व ऐकतो, आणि लहानसहान नाटके रचतो. या उद्योगास ना परीक्षा आहे, ना प्रमाणपत्र. त्यामुळे त्याविषयी मला नेहमी प्रश्न विचारले जातात, आणि ते दोन्ही तीरांवरून विचारले जातात. वस्तीतील माता म्हणतात, “बाई, नाचून-गाऊन पोरं खूश होत्यात, पण त्यानं पोट भरंल का?” आपल्या शाळेचे पालक सौम्य शब्दांत म्हणतात, “बाई, हे दोन तास गणिताच्या शिकवणीस दिले, तर मुलांचे अधिक हित होणार नाही काय?” दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. अशा प्रश्नांना वाटेत उभ्या उभ्या उत्तर देणे बरे नव्हे. म्हणून यंदाच्या अंकाच्या निमित्ताने ते सावकाशपणे देण्याचे योजिले आहे.

प्रथम नृत्याचा विचार करू, कारण सर्वांत अधिक शंका त्याविषयीच आहे. आपल्या समाजात ‘नाच’ या शब्दाला एक डाग चिकटलेला आहे. ज्या स्त्रियांनी तमाशाच्या फडावर आयुष्य वेचिले, त्यांच्या कलेवर आपण टाळ्या वाजविल्या. परंतु त्यांना घराच्या उंबरठ्याशी मान दिला नाही. तो अन्याय आपल्या भाषेतही मुरला आहे. तथापि याच भाषेत एक गंमत आहे, ती विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. आपण लेझीम ‘नाचत’ नाही, ‘खेळतो’. भोंडला ‘खेळतो’, फुगडी ‘घालतो’, गोंधळही ‘घालतो’. ज्या ज्या ठिकाणी अवघे घर किंवा अवघा गाव तालावर पावले टाकितो, तेथे तेथे आपल्या पूर्वजांनी निराळे क्रियापद योजून तो नाच आपलासा करून घेतला. एकदा वस्तीतील एका गृहस्थांनी आपल्या मुलीस आमच्या वर्गात येण्याची मनाई केली. “आमच्या घरची पोरगी नाचणार नाही,” असे ते म्हणाले. मी त्यांना एवढेच सांगितले की, ती नाचत नाही, लेझीम खेळते. ते काही क्षण थांबले आणि म्हणाले, “लेझीम व्हय? ती तर माझा बापबी खेळायचा.” दुसऱ्या शनिवारी मुलगी हजर झाली; आणि पुढे पंधरवड्याने ते गृहस्थ स्वतःची जुनी हलगी शेकून घेऊन आमच्या साथीस येऊन बसले.

लेझीम हे साधन दिसावयास किती साधे! एक लाकडी दांडा, त्यास जोडलेली लोखंडी साखळी आणि साखळीत ओवलेल्या पत्र्याच्या चकत्या. परंतु शिक्षकाच्या दृष्टीने त्याच्यासारखा प्रामाणिक सहायक दुसरा नाही. वर्गात एखाद्याचे लक्ष नसले, तर ते त्याच्या मुद्रेवरून ओळखावे लागते. लेझमीच्या ओळीत ज्याचे लक्ष नाही त्याची साखळी एक क्षण आधी किंवा एक क्षण मागाहून वाजते, आणि ते सर्वांस ऐकू येते. कोणी त्यास रागावत नाही. शेजाऱ्याकडे पाहून तो आपले पाऊल आपणच सुधारितो. पहिल्या महिन्यात मुले पायांकडे पाहतात. दुसऱ्या महिन्यात ती एकमेकांकडे पाहू लागतात. आणि तिसऱ्या महिन्यात त्यांस कोणाकडे पाहण्याची गरज उरत नाही, कारण ती हलगी ऐकावयास शिकलेली असतात. जो मुलगा आठवडाभर वस्तीत एकमेकांची डोकी फोडीत हिंडतो, त्याला डाव्याउजव्या शेजाऱ्यास जागा देऊन चालावे लागते, नाहीतर लेझीम लेझमीवर आदळते. नीतीचे पाठ मी वर्गात पुष्कळ दिले आहेत. परंतु ‘शेजाऱ्यास जागा द्यावी’ हा पाठ इतक्या थोड्या शब्दांत कधी दिला नाही.

आता गोष्टीकडे वळू. गोष्ट सांगणे ही आपल्या देशी कला आहे, हे सांगावयास नको. कीर्तनकार प्रथम नमन करितो, पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे निरूपण करितो, आणि उत्तररंगात त्याच तत्त्वाचे आख्यान लावितो. म्हणजे आधी विचार आणि मग गोष्ट. गातो, बोलतो, क्षणात राजा होतो, क्षणात भिकारी होतो, आणि हे सर्व एका जागी उभे राहून, चिपळ्यांच्या व पेटीच्या साथीने. आमच्या नगर जिल्ह्यात, ज्यास २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी ख्रिस्ती मंडळीनेही हीच रीत उचलली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारख्या कवीने तीत आपली वाणी ओतली. माझ्या आजोळी मी लहानपणी उधळ्या पुत्राचे आख्यान अशा कीर्तनात ऐकिले आहे. धाकटा मुलगा घरी परततो त्या ठिकाणी कीर्तनकार बोलणे थांबवून केवळ चार पावले चालत, आणि त्या चार पावलांत सगळा मांडव स्तब्ध होई. शब्द थांबल्यावरही गोष्ट चालू राहते, हे मी त्या मांडवात शिकले.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी कोणत्याही शाळेत शिक्षण घेतले नव्हते. तथापि १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ मराठी वाङ्मयाचा अलंकार ठरली. कारण त्या पानांत कोणी लिहीत बसले आहे असे वाटतच नाही, कोणी ओसरीवर बसून सांगत आहे असे वाटते. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले, तेही रात्री मित्रांस सांगितलेल्या गोष्टींच्या रूपाने. १९५० साली गुरुजी गेल्यावर त्यांच्या नावाने कथामाला सुरू झाली आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी मुलांस गोष्टी सांगण्याचा प्रघात पडला. अशी ही आपली परंपरा आहे.

तिची खरी कसोटी मात्र मी वस्तीतच पाहिली. काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेतील एक विद्यार्थी माझ्याबरोबर येऊ लागला. वक्तृत्व स्पर्धेत त्याने ढाल मिळविली होती. त्याने पहिल्याच शनिवारी एक बोधकथा सांगावयास घेतली. उच्चार शुद्ध, हातवारे ठरल्याप्रमाणे, आवाजाचे चढउतार निर्दोष. पाच मिनिटांत निम्मी मुले दाराशी गेली, कारण बाहेर एका शेळीने कोणाचे तरी धुणे तोंडात धरिले होते, आणि ते दृश्य अधिक रंगतदार होते. आमच्या वक्त्याचा चेहरा उतरला. तेव्हा वस्तीतील आठ वर्षांची एक पोर पुढे आली आणि म्हणाली, “दादा, तू आमच्याकडं बघतच नाहीस.” यापेक्षा नेमकी टीका कोणत्याही परीक्षकाने केली नसती. पुढच्या शनिवारी तो मुलांमध्ये मांडी घालून बसला, पाठ केलेले सर्व बाजूस ठेविले आणि म्हणाला, “गेल्या शनिवारी ती शेळी होती ना, तिचीच गोष्ट सांगतो.” त्या दिवशी कोणी दाराशी गेले नाही. आज तो महाविद्यालयात आहे, आणि सुटीत आला म्हणजे अद्यापि समाजमंदिरात डोकावतो. ढाल त्याच्या घरी कपाटात आहे. परंतु बोलण्याची खरी विद्या आपणास कोठे मिळाली, हे तो विसरलेला नाही.

नाटकाच्या बाबतीत मी थोडी दूरची वाट धरणार आहे. अमेरिकेतील शिकागो शहरात जेन ॲडम्स व एलन गेट्स स्टार या दोघींनी १८८९ साली ‘हल हाऊस’ नावाचे एक सेवाकेंद्र उघडले. त्या भागात युरोपातील नाना देशांतून आलेली श्रमजीवी कुटुंबे राहात असत. शेजारी शेजाऱ्याची भाषा कळत नसे. त्या केंद्रात नीव्हा बॉइड या विदुषी मुलांचे खेळ व लोकनृत्ये यांच्या साह्याने समाजकार्य शिकवीत. त्यांच्या शिष्या व्हायोला स्पोलिन यांनी पुढे शिकागोतच अशा मुलांसह नाट्याचे काम केले. लिहिलेली संहिता व पाठांतर यांचा तेथे उपयोग नव्हता; म्हणून त्यांनी नाटक शिकविण्यासाठी खेळच रचिले, आणि १९६३ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. आज जगभर नाट्यशिक्षक ते खेळ खेळवितात. त्यांतील एक ‘आरशाचा’: दोघे समोरासमोर उभे राहतात, एक हालचाल करितो, दुसरा त्याचा आरसा होतो. घाई केली की आरसा फुटतो. म्हणून जो पुढाकार घेतो, त्यालाही आपल्या सोबत्यास झेपेल इतक्याच गतीने हालावे लागते.

दुसरा खेळ अदृश्य वस्तूचा. सर्वांनी वर्तुळात बसावे. एकाने हाती नसलेली वस्तू आहे असे समजून ती वापरून दाखवावी, इतरांनी ती ओळखावी आणि ती पुढे द्यावी. एका शनिवारी हा खेळ चालला होता. आपल्या शाळेच्या मुलांनी चेंडूफळी आणिली, मोबाईल आणिला, पतंग आणिला. मग पाळी आली वस्तीतील अकरा वर्षांच्या एका मुलीची. ती उठली, खाली वाकली, दोन्ही हातांनी काहीतरी उचलून गुडघ्यावर टेकविले, तेथून एका हिसक्यासरशी डोक्यावर घेतले आणि मान ताठ ठेवून, एकेक पाऊल चाचपीत ती जणू अरुंद फळीवरून वर चढू लागली. वर्तुळ शांत झाले. वस्तीतील चारपाच मुले एकदम म्हणाली, “उसाची मोळी!” आपल्या मुलांनी ऊस रसवंतीवर पाहिला होता, त्याला वजन असते, हे त्यांना त्या दिवशी कळले.

या मुलीचे आईवडील ऊसतोडीस जात. आपल्यापैकी अनेकांस हे जीवन ठाऊक नसेल, म्हणून थोडे सांगते. आमच्या जिल्ह्याच्या पाथर्डी-शेवगाव बाजूने आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादम आधी पैशांची उचल देतो. ती फेडण्यासाठी नवराबायको मिळून काम करितात, आणि त्या जोडीला हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसे, परंतु नाव एका हत्याराचे! कारखान्याजवळ कोप्या उभारून चारपाच महिने तेथेच संसार चालतो. पहाटे आईबाप फडात जातात. मोठी मुलगी कोपीवर धाकट्यास सांभाळते, पाणी भरते, आणि जरा मोठी झाली की वाढे बांधू लागते. शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे नुसत्या गैरहजेरीच्या खुणा पडत जातात. हंगाम संपवून ती परतते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. मागे पडलेली म्हणून तिला शेवटच्या बाकावर जागा मिळते.

आमच्या वर्तुळात मात्र शेवटचा बाक नसतो. त्या खेळानंतर मुलांनी आपण होऊन ठरविले की, याचे नाटक करावयाचे. कोणी संहिता लिहिली नाही. चार प्रवेश ठरले: मुकादम येतो, गाव रिकामे होते, कोपीवरील एक दिवस, आणि परतीचा प्रवास. कोपी कशी बांधावी, चूल कोणत्या तोंडाने मांडावी, बाळाची झोळी कोठे टांगावी, हे सर्व त्या मुलीने व तिच्या सोबत्यांनी शिकविले, आणि आपल्या शाळेतील हुशार मुले निमूटपणे शिकली. मुकादमाचे सोंग कोणास द्यावे यावर वाद झाला. वस्तीतील मुलांस ते नको होते. अखेर आपल्या शाळेतील एका मुलाने ते घेतले, तेव्हा वस्तीतील मुलांनीच त्याला बजाविले, “नुसता वाईट करू नको. त्यालाबी वरून दाब असतो.” दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या तोंडचा हा न्याय ऐकून मला विस्मय वाटला. दुसऱ्याचे सोंग घेणे म्हणजे त्याच्या जागी उभे राहून पाहणे. आणि तसे पाहणाऱ्याला निव्वळ द्वेष करणे जड जाते.

एप्रिल महिन्यात, टोळ्या परतल्यावर, एका संध्याकाळी समाजमंदिरात ते नाटक झाले. पडदे म्हणजे जुनी लुगडी. प्रकाश म्हणजे एक दिवा. त्या मुलीने थोरल्या बहिणीचे सोंग घेतले होते. तिसऱ्या प्रवेशात ती धाकट्या भावाला झोपविते आणि मग कोणी पाहात नाही असे समजून दप्तरातून पुस्तक काढून, अक्षरांवर बोट ठेवून वाचू लागते. बाळ रडते, ती पुस्तक मिटते. एवढेच. तिला कोणी हे सांगितले नव्हते. नाटक संपल्यावर तिची आई माझ्याजवळ आली. ती रडत नव्हती. चकित झाली होती. ती म्हणाली, “बाई, पोरगी हे सगळं बघत हुती व्हय?”

या एका वाक्याने माझ्या मनात घर केले. आपली मुले पाहतात, सोसतात आणि मनात साठवितात. परंतु ते सांगण्यास त्यांस जागा आणि रीत लागते. ती मिळाली नाही, तर आईसही आपल्या लेकराचे अंतर कळत नाही.

या नाटकामुळे सर्व पालटले, असे मी म्हणणार नाही. नाटकाने हातचा कोयता सुटत नाही. मुकादमाची उचल टाळ्यांनी फिटत नाही. परंतु पुढच्या दसऱ्यास आईबापांनी तिला आजीजवळ मागे ठेविले. त्यास आजीची प्रकृती सुधारली हे एक कारण होते. नाटकाच्या रात्री घरात जे बोलणे निघाले ते दुसरे, असे तिची आई सांगते. या सुखास दुःखाची किनारही आहे. धाकट्याला सांभाळण्यास कोणी नसल्यामुळे आईस त्याला फडाच्या बांधावर झोळीत ठेवून ऊस तोडावा लागला. मुलीला हे ठाऊक आहे, आणि ती अभ्यास करिताना ते विसरत नाही. यंदा टोळी निघण्यापूर्वी हा प्रश्न त्या घरात पुन्हा निघेल. मागे राहणाऱ्या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहे असतात. त्यांची माहिती मी त्या घरी देऊन ठेविली आहे. निर्णय त्यांचा आहे. परंतु निर्णयाच्या वेळी त्या मुलीचे म्हणणेही आता ऐकले जाईल, एवढी मला खात्री आहे.

असे प्रयत्न आपल्याकडे इतरत्रही झाले आहेत. सुधा करमरकर यांनी १९५९ साली मुंबईत ‘लिट्ल थिएटर’ स्थापून मुलांच्या नाटकास मानाचे स्थान दिले. त्यांचे पहिले नाटक ‘मधुमंजिरी’ लिहिणारे रत्नाकर मतकरी यांनी पुढे आयुष्याच्या उत्तरकाळात ठाण्यातील वस्त्यांमधील मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. मोठमोठी नाटके लिहिलेल्या या लेखकाने तेथे मुलांच्या हाती आपली संहिता दिली नाही. त्यांची नाटके त्यांनाच रचावयास लाविली. आणि दूर पोलंड देशात, वॉर्सा शहराच्या कोंडवाड्यात यानुश कोर्चाक या वैद्याने व शिक्षकाने आपल्या अनाथालयातील मुलांकडून १८ जुलै १९४२ रोजी रवीन्द्रनाथांचे ‘डाकघर’ करविले. खिडकीशी बसून बाहेरचे जग पाहणाऱ्या आजारी मुलाचे ते नाटक. ऑगस्टच्या आरंभी त्या सुमारे दोनशे मुलांस नाझींनी मृत्युछावणीत नेले. सुटकेची संधी असूनही कोर्चाक त्यांच्याबरोबर गेले. अन्न अपुरे होते, औषध नव्हते, आणि तरीही त्या गुरूने मुलांच्या तालमीस वेळ काढिला. मुलास भाकरीइतकीच आणखी कशाची तरी भूक असते, हे त्यांनी ओळखिले होते.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येते. शनिवारचे दोन तास गणितास दिल्याने गुण वाढतील काय? कदाचित वाढतीलही. गणिताचे महत्त्व मी यत्किंचित कमी लेखीत नाही. परंतु आठवड्यात गणितास इतर पुष्कळ तास आहेत. आपल्याहून निराळ्या घरातील मुलाचे ऐकून घेण्यास हे दोनच आहेत. वस्तीतील मातांस मी सांगते, “पोट भरणार नाही हे खरे, पण पोर बोलू लागेल, आणि बोलणाऱ्या पोरीला फसविणे कठीण असते.” संमेलनात आपले मूल पहिल्या ओळीत असावे असे आपणा सर्वांस वाटते, ते स्वाभाविक आहे. परंतु समाजमंदिरातील नियम असा आहे की, प्रत्येक सोंग पाळीपाळीने प्रत्येकास मिळते. ज्याचा आवाज मोठा, त्याला एखादे मुके सोंग मिळते. आणि जो कधी बोलत नाही, त्याच्या वाट्यास सूत्रधाराचे काम येते. यांत सफाईदार प्रयोग क्वचित होतो. मुले मात्र तयार होतात.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यासाठी एक सूचना करून लेखणी ठेविते. या सुटीत आपल्या आजीआजोबांकडून, किंवा घरी कामास येणाऱ्या मावशींकडून एक तरी गोष्ट ऐका. ती मोबाईलवर मुद्रित करून ठेवू नका. कानांनी ऐका व लक्षात ठेवा. सांगणारी कोठे थांबली, कोठे हसली, तेही पाहा. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्याच शनिवारी ती गोष्ट घेऊन माझ्याबरोबर ओढा ओलांडा. लेझमींचे दांडे चार मोडले आहेत, त्यांची दुरुस्ती तोपर्यंत होईल. हलगीवाले काका येणारच आहेत.